बदलून आणलेलं बटण

नवी वस्तू बिघडलेली निघाली की आपण काय करतो? दुकानात जातो, दोन शब्द सुनावतो, दुसरी घेतो आणि वर दुकानदाराचा चहा पिऊन खुशीत घरी येतो. वडनेर भोलजीचे पोस्टमास्तर वामनराव यांनीही याहून वेगळं काही केलं नाही. तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन सात-आठ वर्षं झाली होती आणि गावात वीज येऊन जेमतेम एक. वामनरावांच्या ओसरीवरच पोस्ट होतं आणि सगळ्या गावाची पत्रं, अर्ज, तक्रारी तेच लिहून देत. रस्त्यावरचा दिवा बंद पडला तर असा झणझणीत अर्ज खरडत, की आठवड्यात दिवा लागे. स्वतःसाठी मात्र त्यांनी कधी एक ओळ लिहिली नव्हती.

त्यांच्या माजघरात पितळी टोपीचं बटण होतं. त्यांची बायको पुष्पाबाई हिच्या भावाचं, भगवानरावांचं, मलकापुरात विजेच्या सामानाचं दुकान होतं. तिथूनच ते आणलेलं. खोक्यावर शिक्का होता. तपासून पास झालेल्या मालालाच हा शिक्का मिळतो, असं भगवानरावांनी दोनदा बजावून सांगितलं होतं. पण बटण दाबताना टोपीला बोट लागलं की झिणझिण्या येत. एके दिवशी पुष्पाबाईंचा हात खांद्यापर्यंत झटकला गेला. वामनरावांनी मग मेन बंद केला, पोस्टाच्या थैलीला मोहोर करायची लाल लाख वितळवली आणि टोपीवर चांगली थापली. सरकारी लाख घरकामाला वापरली याची त्यांना दोन दिवस शरम वाटत राहिली. बटणाचा विचार काही त्यांनी केला नाही.

महिनाभरात लाखेचे टवके उडाले, तेव्हा ते बटण काढून मलकापूरला गेले.

"हजारात एखांदा नग निंघते असा, भाऊजी," भगवानराव हसून म्हणाले. "हा घ्या दुसरा. पन गावात बोलू नका बापा, दुकानाचं नाव खराब होते."

"मी कायले बोलू?" वामनराव म्हणाले.

भगवानरावांनी जुन्या टोपीवरची लाख चाकूने खरवडली, फडक्याने पुसली आणि ते बटण फळीवर बाकीच्या नगांशेजारी ठेवून दिलं. वामनरावांनी ते पाहिलं. पण मेहुण्याच्या दुकानात बसून मेहुण्याला काय विचारायचं? चहा पिऊन ते एस.टी.ने परत आले. नवं बटण चांगलं निघालं आणि विषय संपला.

त्यांच्यापासून तिसरं घर तानुबाईचं. तानुबाई, तिचा मुलगा कडूबा आणि सून अन्नपूर्णा. अन्नपूर्णेचं माहेर लोणारचं. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून महिन्यातून एकदा ती पोस्टात यायची आणि आईला पत्र सांगायची. मजकूर थोडा, हसणं जास्त. दसऱ्याच्या आठ दिवस आधी आली तेव्हा म्हणाली, "लिवा मास्तर, आमच्या घरी बी लाईट येऊन राह्यली. अन् दिवाळीले मले घ्याले भावाले धाडजो म्हना." वामनरावांनी लिहिलं, वाचून दाखवलं. ती पोर पदरात तोंड लपवून हसत गेली.

दसऱ्याला तानुबाईच्या घरात वीज आली; तारा, बटण सगळं कडूबाने मलकापूरहून आणलं होतं. सकाळपासून सासूसुनांनी घर सारवून काढलं होतं. दिवेलागणीला सगळे जमले. घरात उजेड येणार, म्हणजे लक्ष्मीच येणार. तानुबाई सुनेला म्हणाली, "पयले कुकू लाव, मंग लाव लाईट." अन्नपूर्णेने करंगळीशेजारचं बोट पाण्यात बुडवलं, कुंकवात टेकवलं आणि बटणाच्या पितळी टोपीला लावलं. सारवलेली जमीन अजून ओली होती आणि तिच्या पायात काही नव्हतं. कडूबाने काठी मारून तिचा हात सोडवला, तेव्हा सगळं संपलं होतं. बावीस वर्षांची होती ती.

पोलीस ठाण्याचे जमादार आले. शेजारीपाजारी म्हणाले, ओल्या हाताने बटणाला हात लावला. तानुबाई कपाळ बडवून घेत होती. "म्याच मारलं तिले. म्याच सांगतलं, कुकू लाव म्हून." पंचनाम्यावर सही करायला लिहितावाचता माणूस हवा, म्हणून वामनरावांना बोलावलं. सहीपूर्वी त्यांनी कंदील वर धरून बटण पाहिलं. टोपीवर कुंकू होतं. आणि कुंकवाच्या खाली, टोपीच्या खाचेत, लाखेचा एक कण होता. दोन्ही लाल. त्या गर्दीत लाख ओळखणारा एकच माणूस होता.

पंचनाम्यात लिहिलं होतं, स्वतःच्या निष्काळजीपणामुळे मृत्यू. वामनरावांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोणारला माणूस निघाला. त्याच्याजवळ द्यायची चिठ्ठी लिहून घ्यायला कडूबा आला. डोळे सुजलेले. "लिवा मास्तर," तो म्हणाला, "वल्ल्या हातानं बटन धरलं म्हून गेली." ज्या हाताने लाईट येऊन राह्यली असं लिहिलं, त्याच हाताने वामनरावांनी हेही लिहिलं. चिठ्ठीची घडी त्यांनी दोनदा मोडली आणि पुन्हा घातली. कडूबाला वाटलं, मास्तरांना आपल्यासाठी वाईट वाटतंय. तो त्यांच्या पाया पडला.

दुपारी वीज मंडळाचे वायरमन शंकरराव आले. भीमनगरातले, कामाला चोख आणि बोलायला त्याहून चोख. तानुबाईच्या घरची वीज तोडून, बटण काढून ते थेट पोस्टात आले होते. त्यांनी पितळी टोपी टेबलावर ठेवली.

"मास्तर, हे लाख कोनाची?"

वामनरावांनी टोपी उचलून पाहिली आणि परत ठेवली.

"गावात लाख पोस्टाबिगर कोनापाशी नाई. मले सांगा."

वामनरावांनी सांगितलं. झिणझिण्या, पुष्पाबाईंचा झटका, मलकापूर, फळी. काही लपवलं नाही. शंकररावांनी टोपी उलटी केली. "हे पाहा. टोपीच्या आतून अस्तर लागते, वीज पितळेले लागू नये म्हून. यात अस्तरच नाई. कारखान्यातूनच नाई."

"पन खोक्यावर शिक्का होता, शंकरराव. तपासलेला माल."

"शिक्का मानसंच देतात, मास्तर. मानूस चुकते. पन चूक झाली हे त्याईले कोन सांगन? त्याईले काय सपन पडते? ज्याले झटका बसला त्यानं सांगावं. तुमी सांगतलं असतं तर सारी पेटी परत गेली असती. तुमी आपल्यापुरतं बदलून आनलं. तुमच्या घरचं मरन तानुबाईच्या घरी गेलं."

"मी तिले मारलं म्हनता?"

"मी तसं म्हनत नाई. पन आज जर तुमी गप बसले, तर पुढची जे मरन, तिच्यासाठी मी तसंच म्हनीन." शंकररावांनी टोपी त्यांच्यापुढे सरकवली. "माह्या रिपोर्टात मी लिवतो का आत अस्तर नोतं. वरचे साहेब म्हनतील, वल्ल्या हातानं झालं. कोरड्या हाताले बी झटका बसला होता, हे सांगनारा मानूस पाह्यजे. तो मानूस तुमीच."

"साळ्याचं दुकान हाय," वामनराव पुटपुटले. "घरात काय सांगू?"

दारात पुष्पाबाई उभ्या होत्या. किती वेळ, कोण जाणे. त्या म्हणाल्या, "भाऊ माहा हाय. पन झटका पयले माह्या हाताले बसला व्हता. मी वाचली अन् तानुबाईची सून गेली. लिवा."

वामनराव उठले. कागद घेण्याआधी ते तिसऱ्या घरी गेले. तानुबाई भिंतीला टेकून बसली होती. ते तिच्यासमोर जमिनीवर बसले, त्या घरात पहिल्यांदाच, आणि म्हणाले, "तानुबाई, तुमच्या सांगन्यानं थे गेली नाई. बटनच खराब होतं. माह्या घरचं होतं. मले माहीत होतं अन् मी कोनाले सांगतलं नाई. काल सही केली तवाबी सांगतलं नाई."

तानुबाईने भिंतीचा टेका सोडला आणि ती पुढे सरकली. तिने शिव्या दिल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं.

"म्हनजे माह्या कुकवानं नाई?" तिने विचारलं.

"नाई, माय. कुकवानं नाई."

तेव्हा कुठे कालपासून कोरडी राहिलेली ती म्हातारी रडली. रडता रडता म्हणाली, "मंग पयले तिच्या मायले लिवा. लेक येडी नोती म्हून लिवा. सरकारले मंग लिवा."

वामनरावांनी त्याच क्रमाने लिहिलं. पहिलं पत्र लोणारला. दुसरं जबाब म्हणून फौजदारांना, तिसरं इलेक्ट्रिक इन्स्पेक्टरला, चौथं शिक्का देणाऱ्या कचेरीला. चारही पत्रांत दुकानाचं आणि स्वतःचं नाव. गावाला कळलं तशी एकेक माणसं पोस्टात येऊ लागली. कोणी टोपीला फडकं गुंडाळलं होतं, कोणी बटण लाकडाने दाबत होतं, दोघांनी बदलून आणलं होतं. प्रत्येकाला वाटलं होतं, खराब निघालं ते आपलं एकट्याचंच. पंधरवड्यात साहेब आले, मलकापूरच्या फळीवरचा माल सील झाला, कारखान्याला माल परत घ्यावा लागला. त्या भाऊबीजेला भगवानराव बहिणीकडे आले नाहीत. पुष्पाबाईंनी अंगणात उभं राहून चंद्राला ओवाळलं आणि आत येऊन निमूट जेवायला वाढलं.

दिवाळीनंतर लोणारहून एक पोस्टकार्ड आलं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. वामनरावांनीच त्यावर शिक्का मारला आणि वाचलं. "माझी लेक वेंधळी नव्हती हे तुम्ही लिहिलं, तुमचे उपकार आहेत. पण मास्तर, हे दसऱ्याच्या आधी का नाही लिहिलं?"

असंख्य पत्रांना उत्तरं लिहिणाऱ्या त्या माणसाला या एका पत्राचं उत्तर कधीच लिहिता आलं नाही.

बंधुभगिनींनो, शिक्क्याची वस्तू सदोष निघाली तर ती जरूर बदलून घ्या, तो तुमचा हक्कच आहे. पण तेवढ्यावर थांबू नका. वायरमनला सांगा, शेजाऱ्याला सांगा, ज्याने शिक्का दिला त्याला लिहा, मग दुकान सख्ख्या भावाचं का असेना. आपण परत केलेली वस्तू कुणाच्या तरी घरी जातेच. त्या घरातही एखादी अन्नपूर्णा दिवा लावायला उभी असते, आणि तिला सावध करणारं पत्र फक्त आपणच लिहू शकतो.