सातवी पुडी

सातव्या पुडीतले दाणे तिने पांढऱ्या कागदावर ओतले, तळहाताने पसरले आणि भिंग डोळ्याला लावून पुडीवरचा बारीक मजकूर वाचायला घेतला. औषधांच्या खोक्यांवर काय छापलंय ते तपासायचं, हे तिचं छापखान्यातलं रोजचं काम. सूतभर चूकही तिच्या नजरेतून सुटत नसे.

“पहिलं नाव कोंबडीचं,” ती स्वतःशीच पुटपुटली. “म्हणजे सगळ्यात जास्त तीच. नुसतं ‘मांस’ लिहून मोकळे झालेले नाहीत. रंग नाही, साखर नाही.”

तिने एक दाणा चिमटीत दाबला. भुगा सुटला नाही, बोटाला तेलही लागलं नाही. मग नाकाशी धरला. खवट वास नव्हता.

“अजून स्थळं बघणं चालूच आहे?” नवरा चहाचा कप घेऊन दारात उभा होता. “हे सातवं ना? माझ्या वेळी तुमच्याकडच्यांनी एवढी चौकशी केली नव्हती.”

“केली असती तर तू इथे असतास का?”

टेबलाखाली त्यांचा कुत्रा, पडघम, पसरला होता. आनंद झाला की शेपटीने दिसेल ते कपाट बडवायचा, म्हणून हे नाव. आता ती शेपटी जमिनीवर दोरीसारखी पडून होती. दोन महिन्यांत त्याचं वजन अडीच किलोने उतरलं होतं. प्राण्यांच्या डॉक्टरांनी दात पाहिले, रक्त तपासलं, पोट चेपून पाहिलं. कुत्रा ठणठणीत आहे, म्हणाले. खाणं बदलून बघा. ती बदलून बघत होती. पडघम प्रत्येक पुडीतले चार दाणे उपकार केल्यासारखे खायचा आणि वाटीपाशी बसून राहायचा, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा.

दुसरी वाट बघणं आतल्या खोलीत चाललं होतं. सासऱ्यांच्या अन्ननलिकेचं ऑपरेशन होऊन अकरा आठवडे झाले होते. ‘आता सगळं खा, फक्त नीट चावून,’ असं सर्जनने सांगूनही पंधरवडा उलटला, पण आप्पा गाळलेल्या पातळाच्या पुढे जायला तयार नव्हते. एकदा घास अडकून जीव घुसमटला होता. तो घास त्यांच्या मनातून अजून खाली उतरला नव्हता. मनगटावरचं घड्याळ आता कोपरापर्यंत सरकायचं.

“आप्पा, आज थोडा मऊ भात?”

“नको गं. अडकतं.”

“अडकत नाही म्हणाले ना डॉक्टर.”

“गळा त्यांचा आहे का?”

एवढं बोलून ते मागच्या खोलीत जायचे. तिथे त्यांचं दुरुस्तीचं काम चाले. भिंतीवर व्हायोलिनं टांगलेली, कुणाची मान तुटलेली, कुणाचं पोट उकललेलं. खिडकीच्या धुरकट काचेतून येणारं ऊन त्या लाकडांवर मधासारखं साचून राही. बाहेरून जड गाडी गेली की सगळ्या तारा मिळून हलकेच गुणगुणत, कुणी न छेडता. त्या खोलीत शिरलं की पाण्याखाली आल्यासारखं वाटे.

पूर्वी दुपारी चारला त्याच खोलीत दोघांचं खाणं होई. आप्पा ठेंगण्या स्टुलावर बसून उरलेल्या डावीकडच्या दाढांनी कडक टोस्ट मोडत, आणि पायाशी पडघम वाटीत तोंड घाली. दोन जबड्यांचा तो आवाज स्वयंपाकघरापर्यंत पोचायचा. “गिरणी सुरू झाली,” ती म्हणायची. आता तिथे एक चमचा तेवढा वाजे, तोही वाटीच्या काठाला हळूच लागेल अशा बेताने.

सातवी पुडी वाटीत घालून ती कामावर गेली.

त्या दिवशी छापखान्यातली वीज गेली आणि सगळ्यांना दुपारीच सोडलं. घरी येऊन तिने चपला दाराशी काढल्या. घर निजल्यासारखं शांत होतं. मागच्या खोलीचं दार अर्धवट उघडं दिसलं, म्हणून ती हाक मारणार तोच थांबली.

आप्पा स्टुलावर बसले होते. समोर पडघम, मधे भरलेली वाटी. दोघं एकमेकांकडे बघत होते.

“खा की रे,” आप्पा म्हणाले. “ती पोरगी डोळे फोडून वाचते तुझ्यासाठी.”

पडघमने वाटीकडे पाहिलंसुद्धा नाही. तो आप्पांच्या तोंडाकडे बघत होता.

उन्हाचा पट्टा वाटीवरून सरकून आप्पांच्या गुडघ्यावर आला. मग त्यांनी वाकून वाटीतला एक दाणा उचलला, उजेडात धरला आणि तोंडात टाकला. दुसऱ्या हाताने त्यांनी टेबलाची कड घट्ट पकडली. डोळे मिटले.

कुडुम.

पडघमचे कान उभे राहिले.

आप्पा चावत राहिले. एवढ्याशा दाण्याला माणूस किती वेळ चावू शकतो! मग गळ्याची घाटी वर गेली, क्षणभर तिथेच थांबली आणि खाली आली. त्यांनी हात गळ्यावर ठेवला. वाट पाहिली. काहीच झालं नाही. भिंतीवरची एक तार उगाचच गुणगुणली.

त्यांनी दुसरा दाणा उचलला. कुडुम. आणि पडघमने मान खाली घातली.

दारामागे ती भिंतीला टेकून उभी होती. दोन जबडे चालले होते, एक घाईने आणि एक भीत भीत. तिने तोंडावर पदर धरला; हसू आवरायला की आणखी कशाला, ते देव जाणे. मग ती पावलं न वाजवता बाहेर गेली, चपला घातल्या आणि दार जोरात आपटून पुन्हा घरात आली.

“आज खाल्लं बरं का त्याने,” आप्पा आतून ओरडले. “हेच आण.”

“यात असं काय विशेष आहे?”

“मीठ बेताचं आहे.”

“तो म्हणाला?”

“चेहऱ्यावरून कळतं,” आप्पा म्हणाले.

संध्याकाळी ती पडघमला घेऊन दुकानात गेली. दुकानवाल्या बाईंनी सातव्या पुडीची मोठी पिशवी फळीवरून काढली.

“दात कसे आहेत?”

“उजवीकडच्या दाढा काढल्यात. डावीकडून चावणं होतं.”

नेमकी तेव्हाच पडघमने जांभई दिली. पांढऱ्याशुभ्र दातांच्या दोन्ही रांगा दुकानभर चमकल्या. बाईंनी त्या पाहिल्या, मग तिच्याकडे पाहिलं.

“घरात लहान मूल आहे का?”

“आहे एक. हट्टी.”

“चुकून दोन-चार दाणे पोटात गेले तर घाबरू नका. पण सवय नको लागू देऊ.” बाईंनी पिशवी पुढे सरकवली. “आणि एकदम बदल करायचा नाही. पहिले दोन दिवस तीन हिस्से जुनं, एक हिस्सा नवं. मग निम्मं निम्मं. आठवड्याभरात पुरतं नव्यावर. पोटाला कळतसुद्धा नाही.”

ही सूचना तिने पिशवीवरही वाचली होती. परतताना ती कोपऱ्यावरच्या बेकरीपाशी थांबली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी तिने कागद कापायची सुरी धुऊन घेतली आणि कडक टोस्टचे तुकडे पाडले, दाण्याएवढे, कडा घासून गोल केलेले. पडघमची वाटी वेगळी भरली. आप्पांच्या स्टुलाशेजारी ठेवायच्या छोट्या डब्यात तीन मुठी दाणे घातले, एक मूठ टोस्ट, आणि डबा हलवून नीट मिसळला.

“आप्पा, पडघमचं जास्तीचं तुमच्याजवळ ठेवलंय. लागलं तर घाला त्याला.”

“ठेव.”

ती स्वयंपाकघरात येऊन उरलेले टोस्ट कापत बसली. चार वाजले. आतून डब्याचं झाकण वाजलं.

“सूनबाई.”

“काय?”

“यातले काही दाणे निराळे आहेत.”

“हळूहळू बदलायचं, म्हणाल्या दुकानातल्या बाई.”

पडघमची शेपटी एकदा कपाटावर आपटली.

“कुणाचं?” आप्पांनी विचारलं.

उद्याच्या डब्यासाठी ती तुकडे करत राहिली. मग आतून आवाज आला, आधी एका जबड्याचा, पाठोपाठ दुसऱ्याचा, आणि भिंतीवरच्या सगळ्या तारा हलकेच गुणगुणायला लागल्या.