कुंकू लागलेला दिवा

मी एक जुना दिवा आहे. पण माझ्या उजेडात कुणी अभ्यासाला बसत नाही. मी लागलो की माणसांनी खोलीबाहेर जायचे आणि दार घट्ट लावून घ्यायचे!

मित्रांनो, काचेच्या लांब नळ्या, खाली लोखंडी बूड आणि चाके, असा मी आष्ट्याच्या एका दवाखान्यात राहतो. माझा निळसर प्रकाश दिसतो, पण तो माझा खरा उजेड नव्हे. खरा उजेड अतिनील, डोळ्यांना न दिसणारा. काही जंतू इतके निबर झालेत, की औषधांनाही दाद देत नाहीत. माझ्यापुढे मात्र ते टिकत नाहीत. हाच उजेड माणसाच्या डोळ्यांना आणि कातडीलाही भाजतो, म्हणून माझे बटण बाहेर असते.

आमचे वॉर्डमामा बिराप्पा मला घरच्या मेंढ्यासारखे जपत. खंडेनवमीला त्यांनी माझ्या चाकांना तेल दिले आणि त्याच हाताने प्रत्येक नळीवर हळदीकुंकवाचे पट्टे ओढले. दुसऱ्या दिवशी कोरड्या फडक्याने पुसलेही. वरवर सारे ठीक दिसत होते.

त्याच आठवड्यात हंबीरराव आले. फौजेतून निवृत्त झालेले, उसाच्या ट्रॉलीखाली पाय सापडलेला. त्यांच्यासाठी एकच खोली मोकळी होती आणि तिथे आधीच्या रुग्णाचे निबर जंतू राहिले होते. खोली धुतली, मी उजेड दिला. तरी तपासणीत जंतू जिवंत!

"हे जंतू जखमेत शिरले, तर पाय काढावा लागेल," डॉक्टर जयराज म्हणाले. "यंत्र म्हातारं झालंय. अडगळीत ठेवा."

ओरडून सांगावेसे वाटले, पण दिव्याला तोंड कुठले?

मला ढकलण्याआधी सोनिया सिस्टरनी स्पिरिटचा कापूस नळीवर फिरवला. तो पिवळा-तांबडा झाला.

"बिराप्पामामा, हे काय?"

"आवं सिस्टर, खंडेनवमी न्हवं का झाली? टिळा लावला."

"टिळा कपाळाला लावतात, मामा. तुम्ही देवाच्या डोळ्यांतच घातला!"

दाराबाहेर खोलीची वाट पाहणारे हंबीरराव स्ट्रेचरवरून हसले. "गड्या, आमी फौजेत बंदूक पुजायचो, पर टिळा दस्त्याला! नळीत कुंकू भरल्यावर गोळी कुठनं जाणार रं?"

मामांचा चेहरा पडला. मग त्यांनी हातमोजे घातले आणि सिस्टरबरोबर एकेक नळी पुसली. त्या तेलकट थरातच माझा उजेड अडत होता. खोली पुन्हा धुतली, कपाट उघडले. खाटेच्या सावलीतही उजेड पोहोचावा म्हणून मला आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला उभे केले. मी जीव ओतून पेटलो.

तपासणी आली. एकही जंतू नाही!

शस्त्रक्रिया झाली, जखम स्वच्छ भरली. घरी जाताना हंबीरराव दोन्ही पायांवर माझ्यासमोर ताठ उभे राहिले आणि खाडकन सॅल्यूट ठोकला. सगळा वॉर्ड टाळ्या वाजवत होता.

मित्रांनो, मला प्रेम हवेच. पण ते करण्याआधी मी काम कसे करतो, तेवढे समजून घ्या. आधी खोली धुवा, मग मला बोलवा. माझ्या नळ्यांना उघडा हात लावू नका आणि मी पेटलो असताना दार उघडू नका.

यंदाही खंडेनवमी झाली. बिराप्पामामा कुंकू घेऊन आले, खाली वाकले आणि माझ्या लोखंडी बुडाला टिळा लावून म्हणाले, "आता बघ रं जंतूंकडं, डोळं फाडून!"