शालनचं तिसरं पीक

धर्माला लकवा झाला आणि डोंगरीतलं त्याचं शेत ओस पडलं. सातबाऱ्यावर ‘पड’ असा शेरा लागला, आणि डोंगरी पालिकेच्या हद्दीत, तसा मोकळ्या प्लॉटचा कर आला. सूट हवी तर सलग तीन वर्षं पीक दाखवा, असं पालिकेच्या ऑफिसात सांगितलं. विकून मोकळं व्हावं, तर सातबाऱ्यावर नाव असलेला धर्माचा धाकटा भाऊ काशीनाथ सही देईना.

शेवटी अठ्ठावन्नाव्या वर्षी धर्माच्या बायकोने, शालनने पदर खोचला. दोन वर्षं एकटीने भात लावलं. लेक चांदणी सिल्व्हर पार्कला राहायची. धर्माच्या व्यायामाचा दवाखाना तिथून जवळ होता. “तिसरं पीक निघालं की आमी दोघंबी ऱ्हायला येतो,” शालनने तिला शब्द दिला होता.

तिसऱ्या वर्षी ती रोपांच्या जुड्या घेऊन निघाली, तर वाटच नव्हती. शेजारी बंगल्यांचं काम निघालं होतं आणि बांधापर्यंत पत्रे ठोकले होते.

“आंटी, इधर से रास्ता नहीं है,” वॉचमन म्हणाला.

“माझं शेत हाय पलीकडं!”

“साहब से बात करो.”

साहेब काही भेटला नाही. वाटेसाठी अर्ज केला, त्याला दिवाळीनंतरची तारीख मिळाली. रोपं तोवर थोडीच थांबणार? आणि सातबाऱ्यावर नोंद व्हायला पिकाचा फोटो शेतात उभं राहूनच काढावा लागे. बाहेरून काढला तर फोनमधलं सरकारी ॲप घेत नसे.

मग शालन नाल्यातून जाऊ लागली. कमरेइतकं काळं पाणी, डोक्यावर जुड्या. एकदा पाय घसरला आणि अर्धी रोपं वाहून गेली. काठावर बसून ती रडली, मग उरलेली लावून आली.

घरी परतली तेव्हा धर्मा खाटेवरून खाली पडलेला होता. दुपारपासून.

“हाका मारल्या मी,” तो म्हणाला. “कुणी आलंच न्हाय.”

दुसऱ्या दिवशी चांदणी रिक्षा घेऊन आली. “आई, सोड ती जमीन. तूही चल.”

“दोन वर्षं पाण्यात घालू? पीक निघू दे, मग येते.”

धर्मा रिक्षातून लेकीकडे गेला. जाताना त्याने मागे वळून पाहिलं नाही. मान वळत नव्हती, की मुद्दाम, हे तिला कळलं नाही.

पीक उभं राहिलं, फोटो गेला, तलाठ्याने नोंद कायम केली. दिवाळीनंतर ऑफिसचं पत्र आलं, तशी ती बस धरून सिल्व्हर पार्कला गेली. धर्माच्या उशाशी बसून चांदणीने पत्र वाचलं.

“सूट मंजूर!” ती म्हणाली. पुढे वाचता वाचता तिचा आवाज उतरला. “आई, खाली अट आहे. ज्या वर्षी पीक नसेल, त्या वर्षी सूट रद्द. मागचाही सगळा कर भरायचा.”

“म्हंजे?”

“म्हणजे दर वर्षी लावायचं.”

तीन वर्षं शालन दार ढकलत होती. उघडलं, तर आत तीच खोली.

“विकायच्या सहीचं काशीनाथला पुन्हा विचारू?” चांदणी म्हणाली.

“कालच गेलते. दारात उभं केलं न्हाय त्यानं.”

धर्माने जड जिभेने विचारलं, “बियानं ठेवलंस?”

“ठेवलंय.”

“मग दर इतवारी तरी येत जा.”

तिने त्याचा लुळा हात हातात घेतला आणि शेवटची बस किती वाजता आहे, ते चांदणीला विचारलं.