एकशे बारानंतरची पानं

मी एक जुनं पुस्तक आहे. माझ्या कव्हरावर निळा ड्रॅगन आहे, पण त्याचं शेपूट आता पार पुसलं गेलंय. मित्रांनो, आपली गोष्ट सांगणाऱ्याला निदान स्वतःबद्दल तरी सगळं ठाऊक असावं. माझी नेमकी तिथेच पंचाईत आहे.

छापखान्यात सोळा-सोळा पानांचे गठ्ठे एकत्र शिवून पुस्तक करतात. शिवणाऱ्याचं लक्ष कुठे होतं कोण जाणे, माझा एक गठ्ठा राहूनच गेला. त्यामुळे माझ्या एकशे बाराव्या पानावर ड्रॅगनचा पंख मोडतो आणि शेजारच्याच एकशे एकोणतिसाव्या पानावर तो मजेत उडत असतो. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. सगळी पुस्तकं अशीच मोजत असतील, असं मी समजत होतो.

पुढे छत्र्या दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने मला रद्दीच्या दुकानातून आणलं. त्यांना मीही मनातल्या मनात बाबाच म्हणतो. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मोडक्या छत्र्या बाजूला सारून ते लेकीला मला वाचून दाखवायचे. तिला तेव्हा अक्षरओळखही नव्हती. एकशे बारावं पान आलं की बाबा घसा खाकरायचे आणि बराच वेळ पान उलटायचेच नाहीत. तिथे गोष्टीत एक म्हातारा छत्रीवाला यायचा. दोऱ्याने बांधलेला चष्मा सावरत तो पंखाची मोडकी काडी बदलायचा आणि म्हणायचा, "उघडून बघा, साहेब!" लेक हसून हसून लोळायची आणि माझी छाती फुगायची. हा मजकूर माझ्यात कुठे छापलाय ते मला सापडत नसे. पण बाबा वाचतायत म्हणजे असणारच. बाबांचा चष्माही दोऱ्यानेच बांधलेला होता. योगायोग असेल, असं मला वाटे. वाचायला शिकल्यावरही लेकीला मी बाबांच्याच तोंडून हवा असे.

मग माझ्यावर सिनेमा आला. आई, बाबा आणि लेक बघायला निघाले. लेकीने मला मांडीवर घेतलं होतं. पडद्यावर पंख मोडला तशी ती खुर्चीच्या टोकाशी आली. "आता छत्रीवाला!" ती कुजबुजली. आली मात्र एक राणी. तिने पंखावरून हात फिरवला, लख्ख उजेड पडला आणि ड्रॅगन उडालासुद्धा.

लेक ताडकन उभी राहिली. "अहो, छत्रीवाला राहिला!"

"खाली बस गं," मागून कोणीतरी म्हणालं. आईने ओठ घट्ट मिटून घेतले. बाबा आपल्या बुटांकडे बघत बसले. मला तर काहीच उमजेना. ही राणी कोण? आणि माझा छत्रीवाला गेला कुठे?

बाहेर पायऱ्यांवर बसून लेकीने पहिल्यांदाच मला स्वतः उघडलं. एकशे बारा. एकशे एकोणतीस.

"बाबा, मधली पानं कुठेयत?"

"नाहीत गं. आणलं तेव्हापासूनच नाहीत."

"मग तू काय वाचत होतास?"

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "तो छत्रीवाला मीच घातला. ड्रॅगन एकदम बरा कसा झाला, असं तू विचारलं असतंस. मग मी काय सांगणार होतो?"

"म्हणजे खोटंच वाचलंस?"

आई घाईने म्हणाली, "तिकडे नवं पुस्तक विकायला ठेवलंय. सगळी पानं असलेलं. घेऊया?" त्याच्या कव्हरावर ती राणी होती. म्हणजे माझी पुन्हा रद्दी!

लेकीने त्या कव्हराकडे पाहिलं. "त्यात छत्रीवाला नसेल ना?"

"नसेल," बाबा म्हणाले.

"मग नको. तू आपला लिहून दे."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा कोरे कागद घेऊन बसले. पण लिहायला लागले की लेक अडवायची. "असं नाही. आधी तो विचारतो, फार दुखतंय का? मगच काडी काढतो." बाबा विसरले होते, तिला मात्र शब्द न् शब्द पाठ होता. ती सांगत गेली, बाबा लिहीत गेले. मध्येच त्यांचे डोळे भरून आले. सोळा काही झाली नाहीत, सातच पानं झाली. ती त्यांनी छत्रीच्या काळ्या दोऱ्याने माझ्यात शिवली.

मित्रांनो, आता मी पुरा झालो की दुसरंच पुस्तक झालो, ते मला खरंच कळत नाही. एवढंच मागतो, माझं एखादं पान सुटलं तर फेकू नका. आणि कोणी तुम्हाला वाचून दाखवत असेल, तर नीट ऐकून ठेवा. ते सगळं माझ्यात असेलच, असं नाही.