थुंकीनं भिजलेला माईक

मी माईक बोलतोय. शहापूरच्या 'मैदान' क्रीडा वाहिनीचा. माझ्या तोंडावरचं स्पंजचं टोपडं एकदा हुंगून बघा, म्हणजे माझा जन्म कसा गेला ते कळेल. गुटखा, तंबाखू, मटणाचा रस्सा, ज्याच्या त्याच्या तोंडचं सगळं मी झेललंय. पण थुंकी एक वेळ परवडली, ती वाळते तरी. माझ्यात बोललेल्या खोट्याची मला खरी किळस येते.

सुरुवातीला असं नव्हतं. काळूरामनं मला आणलं, तेव्हा त्याच्याकडे गच्चीवरची डिशची एक छत्री, घरोघर ओढलेल्या केबलच्या वायरी आणि उसना कॅमेरा होता. सिनेमे दाखवून झाले की रविवारी संध्याकाळी तो गावच्या खेळांच्या बातम्या द्यायचा. म्हशाच्या जत्रेतल्या कुस्त्या, शेणव्याची कबड्डी, सापगावचं क्रिकेट. हरलेल्यालाही दोन शब्द बोलायला लावायचा. काम झालं की शर्टाच्या टोकानं मला पुसायचा. शेजारचा पोरगा टीव्हीत दिसला की लोक टाळ्या पिटायचे आणि मी फुशारून जायचो.

मग वायर मुरबाडपर्यंत गेली. जाहिराती आल्या, काचेचं टेबल आलं, टाय लावलेला निवेदक आला. कबड्डीच्या संघात किती खेळाडू असतात हेसुद्धा त्याला ठाऊक नव्हतं. बातम्या रोजच्या झाल्या, पण कोण जिंकलं याआधी करंडक कोणाच्या शुभहस्ते दिला ते सांगायची रीत पडली. काळूरामचं पोट सुटलं आणि मला पुसणं बंद झालं.

एका वर्षी दिवाळीच्या तोंडावर एका पुढाऱ्याचा वाढदिवस आला. त्यानिमित्त मुलींची कबड्डी ठेवली. आमच्याकडे भात कापून झालं की खाचरातले खुंट उपटतात, पाणी मारतात, रूळ फिरवतात, शेणानं सारवतात, मगच त्यावर खेळाडू उतरतात. पुढाऱ्याच्या माणसांना एवढा दम कुठला! भात घाईघाईनं कापलं आणि खुंटांवर लाल माती पसरून दिली. स्टेज मात्र आठवडाभर सजत होतं.

डोंगराकडच्या गावची भागी चढाईला गेली. मागे वळताना तिचा पाय खुंटात अडकला आणि गुडघा कडकन फिरला. काळूरामनं मला तिच्यापुढे धरलं. ओठ चावत ती म्हणाली, "काळूदादा, मातीखालती खुंट हायेत. ह्ये बातमीत सांगा. नायतर गावात म्हनतील, खेळानं पोरीचा पाय मोडला. मग बाकीच्या पोरींना कोन सोडील?"

"सांगतो गो, सांगतो," काळूराम म्हणाला. मीही विश्वास ठेवला.

संध्याकाळच्या बातम्यांत पुढाऱ्याचं भाषण सबंध दाखवलं. भागीच्या वाट्याला एकच वाक्य आलं, 'स्वतःच्या निष्काळजीपणामुळे खेळाडूला किरकोळ दुखापत.' शी! तेही माझ्याच तोंडून गेलं.

पुढच्या आठवड्यात तिचा बाप बारकू आला. "तुझ्या बातमीनं आमच्या पोरींचा संघ मोडला रे, काळूराम. एकाही घरची पोर खेळाया येत नाय."

काळूरामनं चहा मागवला. म्हणाला, "बारकूकाका, सायबांना दुखवून चॅनेल चालतो का?" बारकूनं चहाला हात लावला नाही.

काही वर्षांनी वाहिनीच्या दशकपूर्तीचा सोहळा झाला. तोच पुढारी प्रमुख पाहुणा. 'आमची गुणी खेळाडू' म्हणून भागीलाही बोलावलं. ती लंगडत स्टेजवर चढली. मला हातात घेऊन तिनं आधी पदरानं पुसलं. इतक्या वर्षांत मला कोणी पुसलं नव्हतं. मला भरून आलं.

"आभार मान चॅनेलचे," काळूराम कुजबुजला.

ती बोलू लागली, "माजी चूक नव्हती. मातीखालती खुंट व्हते. ह्या काळूदादाला मी तवाच..."

पुढाऱ्यानं काळूरामकडे नुसतं पाहिलं. काळूराम हार घेऊन पुढे झाला, तिच्या गळ्यात हार घालताना अंगठ्यानं माझं बटण खाली ओढलं. लगेच बँड वाजू लागला. भागी बोलतच राहिली. तिच्या संघातल्या एकेका पोरीचं नाव घेऊन ती सांगत होती, कोणाला कसं घरी बसवलं, कोणाचं लग्न कसं उरकून टाकलं. समोरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिचं सगळं बोलणं फक्त मी ऐकलं.

आता नवे माईक आलेत. मी खोक्यात पडलोय, टोपडं तसंच घाण आहे. भागीच्या गावच्या पोरी अजून बांधावर उभ्या राहून मुलांचा खेळ बघतात म्हणे. बाबांनो, मला भंगारात घालायचं तर खुशाल घाला. पण त्याआधी एकदा मला त्या गावात न्या, भागीच्या हातात द्या आणि माझं बटण वर करा.