हरलेल्याने पेटवायचा कंदील

मित्रांनो, मी एक जुना आगगाडीचा कंदील आहे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डनमोर कॉलेजचं स्टेडियम आहे, त्याच्या खालच्या खोलीत, काचेच्या कपाटात माझा मुक्काम असतो.

डनमोर आणि केसलर ही शेजारची गावं. दोन्हीकडच्या कॉलेजांचा फुटबॉलचा सामना दर नोव्हेंबरात एका शनिवारी व्हायचा आणि मी त्याचं बक्षीस होतो. रीत अशी, की हरलेल्या कप्तानाने स्वतः काडी ओढून मला पेटवायचं आणि जिंकलेल्याच्या हाती द्यायचं. मगच ते वर्ष माझ्या बुडाशी कोरलं जाई. हरलेली पोरं रडत काडी ओढायची आणि वारा असला की जिंकलेली पोरं हाताचा आडोसा धरायची. अशी चौऱ्याण्णव वर्षं मी मिरवलो.

मग केसलरचं नाव झालं. मोठमोठ्या प्रयोगशाळा, संशोधन, देशभरातले हुशार विद्यार्थी. मोठ्या कॉलेजांच्या एका बड्या लीगने त्यांना आपल्यात बोलावून घेतलं, म्हणजे आमच्याशी खेळणं बंद होणार. त्या लीगमधल्या कुलगुरूंना म्हणे आपल्या पंगतीला विद्वानच हवे होते. डनमोरने सलग सहा वर्षं केसलरला लोळवलं होतं, पण आम्हाला कुणी विचारलंसुद्धा नाही. संघाचं सामान सांभाळणारी लॉरेन बेकर माझी काच पुसता पुसता फणकारली, "सामने आमची पोरं जिंकतात आणि आमंत्रण त्यांच्या प्रयोगशाळेला!"

शेवटचा सामनाही डनमोरनेच जिंकला. केसलरची पोरं मात्र मैदानावरून थेट बसमध्ये जाऊन बसली. काडी कुणी ओढलीच नाही.

तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही. दरवर्षी त्या शनिवारी रिकाम्या मैदानावर बँड वाजल्याचं मला ऐकू येतं. कधीच मरून गेलेले खेळाडू कपाटापुढे येऊन उभे राहतात आणि माझ्या बुडाशी राहिलेली कोरी जागा बोटाने चाचपतात. खरं सांगतो, मला त्यांची भीती वाटते.

लॉरेनने केसलरला अकरा वर्षं पत्रं लिहिली. एक सामना खेळा, नाहीतर नुसता कप्तान तरी पाठवा. उत्तर गोड यायचं, की लीगचं वेळापत्रक भरलेलं आहे. तरी ती दर नोव्हेंबरात मला नवी वात घालायची. कुणी म्हणालं, आपणच पेटवू या, तर त्याचा हात बाजूला सारायची. "तो हरलेल्याचा मान आहे. आपण कोण घेणारे?"

गेल्या नोव्हेंबरात तिची नोकरी संपली. त्या शनिवारी दुपारी तिने मला मैदानाच्या मध्यावर नेलं आणि फाटकाकडे तोंड करून बसली. अंधारून आलं तरी कुणी फिरकलं नाही. मग तिने खिशातून काडेपेटी काढली.

"येत नाहीत रे ते," ती मला म्हणाली. "मीच हरले."

तिने काडी ओढली. मी पेटलो, पण मला घ्यायला समोर कुणीच नव्हतं.

मित्रांनो, मोठ्या पंगतीचं बोलावणं आलं तर खुशाल जा. पण जुन्या शेजाऱ्याचा निरोप घेतल्याशिवाय उठू नका. बसमध्ये चढण्याआधी एक काडी ओढायला असा कितीसा वेळ लागतो?