फोटोखालची पाटी

मी बोलतेय ती फोटो नव्हे, फोटोखालची पाटी. वीतभर पांढरा पुठ्ठा आणि त्यावर काळी छापील अक्षरं. लोक आधी फोटो डोळे भरून बघतात आणि मग जाता जाता माझ्यावर ओझरती नजर टाकतात. तेवढ्या नजरेचीही आता मला लाज वाटते.

माझा जन्म नागपुरातल्या एका छापखान्यात झाला, तोही एका फोनमुळे. सुचिता मॅडम निसर्गाच्या फोटोंचं प्रदर्शन भरवत होत्या. प्रफुल्लने काढलेला संत्र्याच्या बगीच्याचा फोटो त्यांना फार आवडला. "खाली गाव कोणतं छापू?" त्यांनी विचारलं. प्रफुल्ल क्षणभर घुटमळला आणि म्हणाला, "काटोल."

फोटो होता मध्य प्रदेशातल्या सौंसरजवळच्या बोरगावचा. बगीचा त्याच्या वडिलांचा, नत्थूजींचा.

मी त्याला एकट्याला दोष देत नाही. नागपूरच्या कॉलेजात मुलं त्याला 'एमपीवाला' म्हणत आणि वर त्याच्या मराठीचं कौतुक करत, जणू ती त्याने शिकवणी लावून मिळवली होती. परीक्षेला भोपाळला गेला तर तिथले विचारत, "आप तो महाराष्ट्र के हो ना?" दोन्हीकडे खुलासे देऊन बिचारा कंटाळला होता. काटोल म्हटलं की जिल्हा नागपूर, राज्य महाराष्ट्र, विषय संपला.

मला फोटोच्या चौकटीवर चिकटवलं तेव्हा मी प्रथम वर पाहिलं. हिवाळ्यातली सकाळ, मागे सातपुड्याची निळसर रांग, विहिरीवर झुकलेला कडुलिंब. फळांनी वाकलेल्या फांद्यांना बांबूचे टेकू दिलेले, आणि ते बांधायला हिरव्या लुगड्याच्या चिंध्या. किती जीव लावून काढला होता पोराने! आणि त्याच्या खाली मी.

फोटोला दुसरं बक्षीस मिळालं. "काटोलची मातीच वेगळी हो," एक गृहस्थ मान डोलावत म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटच्या दिवशी नत्थूजी आणि अंबाबाई न कळवता सौंसरच्या बसने आले. प्रफुल्ल चहाचा कप घेऊन येत होता. आईवडिलांना फोटोसमोर उभं पाहून तो दारातच थबकला.

"अहो, हा तं आपलाच बगीचा होय!" अंबाबाईंचा आवाज साऱ्या दालनात गेला. "हे हिरवं लुगडं माहं. पाहून राहिले न?"

"पाहून राहिलो."

"खाली काय लिवलं आहे जी? माहा चष्मा बसमंदीच राह्यला."

नत्थूजी वाकले. त्यांनी मला एकदा वाचलं. मग पुन्हा वाचलं. त्या वेळी मी चौकटीवरून गळून पडले असते तर बरं झालं असतं.

"लिवलं आहे," ते सावकाश म्हणाले, "नत्थूजीचा बगीचा. बोरगाव, तहसील सौंसर."

"पोरानं तुमचं नाव टाकलं!" अंबाबाईंनी पदराने मला पुसलं, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि ते बोट कपाळाला लावलं.

नत्थूजींनी वळून लेकाकडे पाहिलं. रागावले नाहीत. "चहा थंडा होऊन राहिला," एवढंच म्हणाले. प्रफुल्लने खाली मान घालून कप पुढे केला.

त्याच संध्याकाळी त्याने मला चौकटीवरून खरवडून काढलं. फोटो आता बोरगावच्या घरात लागला आहे आणि मी तिथेच खुंटीला टांगलेल्या कॅमेऱ्याच्या बॅगेत पडून आहे. नवा चष्मा आल्यावर अंबाबाईंनी पहिल्यांदा मलाच शोधलं.

"पाटी कुठी गेली जी?"

"बसमंदी निंघाली असंन," नत्थूजी म्हणाले.

साऱ्या गावात ज्याच्या शब्दावर लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात, त्या माणसाला माझ्यापायी दोनदा खोटं बोलावं लागलं. हे मला सहन होत नाही.

प्रफुल्ल, तू बॅग उघडतोस, मला बघतोस आणि पुन्हा चेन लावतोस. मला फाडू नकोस रे. माझी मागची बाजू अजून कोरी आहे. त्या दिवशी तुझ्या बापाने काय वाचलं ते तुला पाठ आहे. पेन घे आणि तेवढं लिही.